नर्सिंगला जाण्याआधी : मोठे शब्द फोडायचे कसे

गेल्या वर्षी भाचीचा बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला आणि त्याच रात्री तिचा दिंडोरीहून फोन आला. "मावशी, सीनियर ताईचं पुस्तक आणलं आणि पहिलंच पान बघून छातीत धडधडलं. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीतून झालं. हे शब्द मला धड वाचता येत नाहीत, पाठ कधी करू?" मग तिने एक शब्द अडखळत वाचून दाखवला : को-ले-सिस-टेक-टॉ-मी.

मी म्हटलं, "पाठ करूच नकोस. कागद घे, आपण तो फोडू."

कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. पित्ताची पिशवी काढणं, बस्स. आपल्याकडे आजीसुद्धा "पित्ताची पिशवी" म्हणते; इथेही ग्रीकमधले नेमके तेच दोन शब्द जोडलेले आहेत. फोनवर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. मी स्वतः मराठी शाळेतली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, आणि नाशिकमध्ये अकरा वर्षं वॉर्डात आहे. प्रवेश झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत हातात जे दीड-दोन महिने असतात, त्यात भाचीकडून जे करून घेतलं ते इथे लिहिते आहे. पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतात. तेव्हा शब्द ओळखीचे असले तर मॅडम काय शिकवताहेत याकडे लक्ष राहतं. नाहीतर सगळा तास स्पेलिंग उतरवण्यात जातो.

सुरुवात शेवटाकडून करा. शब्द डावीकडून वाचायला गेलात की लांबी बघूनच धीर सुटतो. आपल्या तत्पुरुष समासात जसं शेवटचं पद मुख्य असतं (राजवाडा हा वाडा असतो, राजा नव्हे), तसंच इथेही आहे. शेवटी 'आयटिस' दिसलं की दाह, म्हणजे सूज-लाली-आग. 'एक्टॉमी' दिसलं की काढून टाकलं. 'टोमी' म्हणजे नुसता छेद दिला. 'ऑस्टोमी' म्हणजे तोंड करून ठेवलं, बाहेर वाट काढून दिली. 'स्कोपी' म्हणजे आत नळी घालून पाहिलं. 'ॲल्जिया' म्हणजे दुखणं. 'मेगॅली' म्हणजे अवयव मोठा झाला. आधी विचारायचं, काय झालं? मग कुठे झालं? गॅस्ट्रायटिस : दाह, जठराचा. हिपॅटोमेगॅली : वाढ, यकृताची.

मधला 'ओ' पुष्कळांना छळतो. गॅस्ट्रायटिसमध्ये नाही, गॅस्ट्रोस्कोपीत आहे, असं का? पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर 'ओ' गळतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो. उच्चाराच्या सोयीसाठी आहे ते, आपल्या संधीसारखंच. फक्त दोन अवयव जोडताना पुढे स्वर आला तरी 'ओ' ठेवतात, म्हणून गॅस्ट्रोएन्टरायटिस : जठर आणि आतडं, दोन्हींचा दाह. जुलाब-उलट्या घेऊन आलेल्या निम्म्या पेशंटच्या केसपेपरवर हा शब्द भेटेल.

आता उपसर्ग. इथे मराठी माध्यमाच्या मुलींना जो फायदा आहे तो मला कोणी वेळेवर सांगितला नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगते. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा. शाळेत आपण जे उपसर्ग घोकले, त्यांचीच भावंडं या पुस्तकात बसलेली आहेत.

नकाराचा 'अ' बघा. आपण अशक्त, अपूर्ण म्हणतो. पण पुढे स्वर आला की अनादर, अनावश्यक, अनुत्तीर्ण. ग्रीकचा नियम अगदी हाच. ॲप्निया म्हणजे श्वास नसणं, असेप्सिस म्हणजे जंतूंचा संसर्ग नसणं. आणि स्वर आला की ॲनिमिया म्हणजे रक्त कमी, ॲन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ बंद. 'डिस' म्हणजे आपला 'दुस्' किंवा 'दुर्' : दुर्गंध, दुष्काळ. डिस्प्निया, श्वासाला त्रास. डिस्युरिया, लघवी करताना त्रास. डिसमेनोरिया, पाळीत दुखणं. 'पेरी' म्हणजे 'परि'. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची परिक्रमा करतात ना, त्यातलाच. पेरिकार्डियम हृदयाभोवतीचं आवरण, आणि पेरिऑस्टियम हाडाभोवतीचं. या शेवटच्या शब्दात तर 'परि' आणि 'अस्थि' दोघंही उघड दिसतात. प्रोग्नोसिसमधला 'प्रो' म्हणजे 'प्र' आणि 'ग्नोसिस' म्हणजे 'ज्ञान' : आजार पुढे कसा जाईल याचा आधीच घेतलेला अंदाज. दाताचा डेंट तो दंत, नाकाचा नेझल तो नासिका, आणि आपलं गाव तर नाशिकच.

'पू' तर जसाच्या तसा आहे. संस्कृत पूय, आपला पू, ग्रीकचा 'पाय'. हिरड्यांतून पू येतो त्याला गावातसुद्धा पायोरिया म्हणतात. तो मराठी शब्द आहे असं मला लहानपणी वाटायचं. पाय म्हणजे पू, आणि 'रिया' म्हणजे वाहणं, आपला स्राव. तोच 'रिया' डायरियात आहे. पायुरियाचं शेपूट मात्र वेगळं, ते लघवीचं 'युरिया' : लघवीत पू. दोन शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून शेपूट नीट बघा.

मात्र सारखं दिसलं की नातं आहेच असं धरून चालू नका. 'हेम' हा रक्ताचा शब्द आहे, हिमोग्लोबिनमधला. आपल्या सोन्याच्या 'हेम'शी त्याचा काही संबंध नाही. नातं लक्षात ठेवायला वापरा, अर्थ मात्र दरवेळी डिक्शनरीत तपासा.

शब्द ए पासून झेडपर्यंत शिकू नका. कुटुंबाने शिका. उदाहरण म्हणून हे 'युरिया'चंच कुटुंब घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या घरात युरियाची गोणी असतेच. तो खताचा युरिया आणि हा युरिया एकाच मुळातले. तो पदार्थ आधी लघवीत सापडला म्हणून त्याला ते नाव पडलं. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला. आता पुढचा तुकडा बदलत जा. पॉली म्हणजे पुष्कळ : पॉलियुरिया. ऑलिगो म्हणजे थोडं : ऑलिगुरिया, मोठ्या माणसाला २४ तासांत ४०० मिलीपेक्षा कमी लघवी. हिमॅटुरिया, लघवीत रक्त. ग्लायकोसुरिया, लघवीत साखर. नॉक्टुरिया, रात्री लघवीला उठावं लागणं. एका बैठकीत पाच शब्द झाले, आणि यातला एकही वाया जात नाही. इनटेक-आऊटपुट चार्ट (पेशंटच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याचा तक्ता) भरताना रोज लागतात.

असंच एक कुटुंब 'ईमिया'चं करा (रक्तातलं काहीतरी), एक 'प्निया'चं (श्वास), एक 'कार्डिया'चं. टॅकी म्हणजे वेगात, ब्रॅडी म्हणजे संथ. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की टॅकीकार्डिया, ६० च्या खाली आली की ब्रॅडीकार्डिया.

एकाच अवयवाला दोन-दोन नावं का, हाही प्रश्न भाचीने विचारला. किडनी, रीनल आणि नेफ्रायटिस, तिन्ही मूत्रपिंडाचेच. कारण किडनी हा बोलीतला शब्द, रीनल लॅटिन, नेफ्रो ग्रीक. साधारणपणे आजार-ऑपरेशनला ग्रीक मूळ येतं आणि शरीराच्या भागांना लॅटिन. आपणही पाणी पितो पण जलसंधारण करतो, हाताने लिहितो पण त्याला हस्ताक्षर म्हणतो. वहीत अशा जोड्या शेजारी शेजारी लिहा.

नाशिककर म्हणून मला सर्वांत आवडतो तो शब्द आहे स्टॅफिलोकोकस. जखमेत पू करणारा हा जंतू. ग्रीकमध्ये 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घड आणि 'कोकस' म्हणजे दाणा. १८८० च्या सुमारास ॲलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश सर्जनने पुवात हे जंतू पाहिले, ते घडासारखे एकाला एक चिकटून होते, म्हणून पुढे त्यांना हे नाव दिलं. स्ट्रेप्टोकोकस मात्र माळेसारखे ओळीने असतात. घशात लोंबणारी पडजीभ आहे ना, तिचं नाव युव्हुला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटंसं द्राक्ष. आमच्या बागेत घड खुडताना भाचीला हे सांगितलं. तिला ते शब्द पुन्हा विचारायची वेळ आली नाही.

आता वही. शंभर पानी, आडव्या रेघांची पुरते. पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात पुस्तकातला शब्द, इंग्रजी स्पेलिंगसह. दुसऱ्यात त्याचे तुकडे. तिसऱ्यात पेशंट काय म्हणेल ते. हा तिसरा रकाना कुठल्याही पुस्तकात मिळत नाही आणि वॉर्डात सर्वांत जास्त तोच लागतो, म्हणून मी त्याच्यासाठी हट्ट धरते.

पेशंट कधीच डिस्प्निया म्हणत नाही. तो म्हणतो, धाप लागते, दम लागतो. डिस्युरिया नाही, उन्हाळी लागली. व्हर्टिगो नाही, घेरी येते, गरगरतं. पॅरेस्थेशिया म्हणजे मुंग्या येणं. हर्पिस झोस्टर म्हणजे नागीण, टिटॅनस म्हणजे धनुर्वात, डिप्थीरिया म्हणजे घटसर्प, पर्ट्युसिस म्हणजे डांग्या खोकला, मम्प्स म्हणजे गालगुंड. बाई "अंगावरून जातं" म्हणाली तर पांढरं की लाल, किती दिवस, हे हळू आवाजात, पडदा ओढून विचारायचं. लेबर रूममध्ये प्लॅसेंटा म्हणजे वार, अंबिलिकल कॉर्ड म्हणजे नाळ, आणि प्रायमिग्रॅव्हिडा म्हणजे पहिलटकरीण. पहिलटकरीण हा शब्द मला प्रायमिग्रॅव्हिडापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो. मालेगाव-सटाण्याकडून आलेल्या आजी "मनं पोट दुखस" म्हणतील, अहिराणीत. तेही टिपून ठेवा. हा रकाना भरायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आजीला विचारा, तुमच्या वेळी याला काय म्हणायचे? दोन दिवसांत चार पानं भरतील.

या रकान्यावर माझा एवढा भर का, ते सांगते. मी पहिल्या वर्षाला होते, सर्जरी वॉर्डात पोस्टिंग. पेठ तालुक्यातल्या एका आजोबांचं सकाळी हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. रात्री त्यांच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, काही करायचंय का?" मी म्हटलं, "काही नाही दादा, बाबा एनबीएम आहेत." त्याने मान डोलावली. सकाळी सातला मी आले तर आजोबा उठून बसलेले, हातात बशी, बशीत चहात बुडवलेलं बिस्कीट. ऑपरेशन पुढे ढकललं. मुलाने रोजंदारी बुडवून सुट्टी काढली होती. तो हात जोडून म्हणाला, "सिस्टर, आम्हाला वाटलं ते तपासणीचं नाव हाये." त्याची काहीच चूक नव्हती. मला एनबीएमचा फुलफॉर्म तोंडपाठ होता, 'निल बाय माउथ'. पण तो मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलाच नव्हता.

तेव्हापासून मी असं सांगते : "तुम्हाला सांगितलेल्या वेळेनंतर तोंडात काहीही घ्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, तंबाखू नाही, मशेरीसुद्धा नाही. आता मला सांगा बरं, काय काय घ्यायचं नाही?" नातेवाइकाने स्वतःच्या तोंडाने परत सांगितल्याशिवाय मी पलंगापासून हलत नाही. घरी असतानाच सराव करा. प्रत्येक संक्षेपाखाली पेशंटला सांगायचं पूर्ण मराठी वाक्य लिहा.

संक्षेपांचं एक पान वेगळं ठेवा. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. लॅटिन वाक्याची आद्याक्षरं आहेत ती. बीडीतला 'बिस' आणि टीडीएसमधला 'टर' म्हणजे आपले 'द्विः' आणि 'त्रिः'. संक्षेपाचा अर्थ मात्र कधीही अंदाजाने लावू नका. 'एमएस' म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) की मॉर्फीन सल्फेट (वेदना कमी करणारं औषध)? तिन्ही शक्य आहेत. डोळ्यांच्या विभागात ओडी म्हणजे उजवा डोळा. शंका आली की लिहिणाऱ्याला विचारायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. एमजी (मिलिग्रॅम) आणि एमसीजी (मायक्रोग्रॅम) यांत हजारपटीचा फरक आहे, आणि घाईच्या अक्षरात ते एकसारखे दिसतात.

स्पेलिंग इंग्रजीतच पाठ करा, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांना मी निक्षून सांगते. शब्द देवनागरीत लिहून घेतला की सोपा वाटतो, पण तिथेच घात होतो. 'इलियम' असं लिहिलंत तर कोणतं? आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं हाड. देवनागरीत दोन्ही सारखे. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला. फरक फक्त जी आणि एसचा. हायपो आणि हायपर तर सर्वांत धोक्याचे. हायपो तो आपला 'उप', उपसरपंचातला, म्हणजे खालचा. हायपर तो 'उपरि', म्हणजे वरचा. हायपोग्लायसेमियाला, म्हणजे रक्तातली साखर कमी झाली तर, साखर द्यायची असते आणि हायपरला, म्हणजे ती वाढली तर, बहुधा इन्सुलिन. उलटं झालं तर पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून फोनवर डॉक्टरांना सांगताना आम्ही नुसतं हायपो म्हणून थांबत नाही, ग्लुकोमीटरवरचा आकडाही सांगतो.

उच्चारासाठी मोठ्याने वाचा. सुरुवातीच्या पीपुढे एन, टी किंवा एस आला तर पी मुका असतो : न्यूमोनिया, टोसिस, सायकॉलॉजी. सीएचचा 'क' होतो : क्रॉनिक, ट्रेकिया, कोलेसिस्ट. चुकलं तर चुकू द्या, वॉर्डात पहिल्यांदा चुकण्यापेक्षा घरी भिंतीसमोर चुकलेलं बरं.

रोज दहा शब्द, त्याहून जास्त नको. सकाळी दहा लिहायचे, दुपारी पहिला रकाना झाकून तिसऱ्यावरून ओळखायचे, रात्री उलट. रविवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्याचे साठ शब्द कोणाला तरी समजावून सांगायचे. भाची दिंडोरी-नाशिक एसटीत वही काढून बसायची. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं फाटक येईपर्यंत दहाही शब्द होत. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ, राज्यभरातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींचे निकाल इथून लागतात. रोज त्याच्यासमोरून जाताना तिला बळ यायचं, असं ती म्हणते.

दहा-बारा दिवस झाले की कपाटातलं एखादं जुनं डिस्चार्ज कार्ड काढा. आजोबांचं, काकूंचं, ज्यांचं असेल त्यांना विचारून. फोटो काढून कुठे टाकू नका. दुसऱ्याचा आजार झाकून ठेवणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे. मग पेन्सिल घेऊन एकेक ओळ लावा. सी/ओ म्हणजे तक्रार काय आहे. एच/ओ म्हणजे पूर्वी काय झालं होतं. के/सी/ओ डीएम, एचटीएन म्हणजे आधीपासून मधुमेह आणि बीपी असलेला पेशंट. पहिल्या दिवशी चार शब्द लागतील, महिन्याने निम्मं कार्ड लागेल.

भाचीने हे कार्ड घरच्या आजीचं घेतलं. कार्ड जुनं, घडीवर फाटलेलं, ऑपरेशनचं नाव नेमकं घडीत गेलेलं. तिने विचारलं, "आजी, तुमचं कसलं ऑपरेशन झालं होतं?" आजी म्हणाल्या, "पिशवी काढली माझी." भाची लिहायला लागली आणि थांबली. कोलेसिस्टमध्येही पिशवीच होती. तिने पेन खाली ठेवून विचारलं, "कोणती पिशवी आजी? पित्ताची का बाळाची?"

"बाळाची गं."

संध्याकाळी तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला. पहिल्या रकान्यात हिस्टरेक्टॉमी, स्पेलिंगसह. दुसऱ्यात : हिस्टर म्हणजे गर्भाशय, एक्टॉमी म्हणजे काढणं. तिसऱ्यात 'पिशवी काढली', आणि पुढे लाल पेनने : 'कोणती ते विचारणे.'